दंडाचा रुपया, भत्त्याचा रुपया

मिरजेहून कोल्हापूरला जाणाऱ्या गाडीने कृष्णेचा पूल ओलांडला की थोड्याच वेळात जयसिंगपूरचे स्टेशन येते. वाचकांपैकी अनेकांनी ते खिडकीतूनच पाहिले असेल. गाव जुने नाही. इथे गढी नाही, वेस नाही, पाटलाचा वाडा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपले जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने ही व्यापारी पेठ वसवली. रस्ते काटकोनात आखले गेले, गल्ल्या आजही आकड्यांनीच ओळखल्या जातात.

त्याच १९१७ मध्ये करवीर दरबाराने सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. इतिहासाच्या पुस्तकांत या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. पेठ वसवली ती 'व्यापार व उद्योग' या सदरात आणि कायदा 'शिक्षणकार्य' या सदरात. आम्हाला मात्र त्या एकत्र वाचाव्याशा वाटतात, कारण या पेठेत राहायला आलेल्या मुस्लिम कुटुंबांच्या वाट्याला त्या एकत्रच आल्या.

आसपासच्या खेड्यांतला आपला समाज म्हणजे मुलाणी, मुजावर, पिंजारी, अत्तार, तांबोळी, शिकलगार. कुणी गावाचा बलुतेदार, कुणी दर्ग्याच्या इनामावर जगणारा, कुणी पाठीवर बोचके टाकून गावोगाव फिरणारा. सुगीला मिळणाऱ्या धान्यावर ज्याचे घर चालते, त्याच्या मुलाचा धंदा जन्मालाच ठरतो. शाळेची गरज बापालाही वाटत नाही आणि गावालाही वाटत नाही. नव्या पेठेत वतन नव्हते आणि बलुतेही नव्हते. तंबाखूच्या वखारीत, अडतीच्या दुकानात, स्टेशनच्या मालधक्क्यावर काम केले की रोख मजुरी मिळे. मुलाने बापाचाच धंदा केला पाहिजे, असे सांगणारे इथे कुणी नव्हते.

पण रोख मजुरीला दुसरी बाजू असते. आठ वर्षांचे पोरही चार पैसे आणू शकते. अशा वेळी बापाला केवळ उपदेश करून भागत नाही, हे महाराजांनी ओळखले होते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले, ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. बडोद्याच्या सयाजीरावांनी त्याआधीच, १९०६ मध्ये, आपल्या संस्थानात सक्ती लागू केली होती. शाहूंच्या कायद्यात फी नव्हती, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या काळचा रुपया म्हणजे मजुराच्या घरातली काही दिवसांची भाकरी. कायदा झाला तेव्हा या योजनेखालच्या शाळा थोड्याच होत्या. महाराजांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, त्या चारशेवर गेल्या आणि पटावर बावीस हजारांच्या आसपास मुले आली.

इथे भूगोलाचीही एक गंमत आहे. आज शिरोळ तालुक्यात असलेले कुरुंदवाड तेव्हा पटवर्धनांचे संस्थान होते. कृष्णेपलीकडची मिरज आणि सांगलीही पटवर्धनांचीच. करवीरचा हुकूम तिथे चालत नसे. उरुसाला एकाच दर्ग्यावर भेटणाऱ्या दोन मावसभावांपैकी जयसिंगपूरचा सक्तीच्या कायद्याखाली आणि मिरजेचा त्याच्या बाहेर, असे तेव्हा सहज घडू शकत होते. काही कोसांच्या अंतराने एका पिढीचे नशीब बदलते, हे आपण फाळणीच्या संदर्भात नेहमी बोलतो. शाळेच्या बाबतीत फारसे बोलत नाही.

या कायद्याच्या आधी अकरा वर्षे महाराजांनी खास आपल्या समाजासाठी एक पाऊल टाकले होते. १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातिजमातींची वसतिगृहे निघू लागली होती. मराठ्यांचे झाले, जैनांचे झाले. मुस्लिमांकडून मात्र कुणी पुढे येईना. महाराजांनी आधी काही मुस्लिम विद्यार्थ्यांची सोय मराठा बोर्डिंगातच केली. मग १९०६ मध्ये शहरातल्या मुस्लिमांची बैठक स्वतः बोलावली, मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. तीच आपली कोल्हापूरची मुस्लिम बोर्डिंग.

महाराजांनी अध्यक्षपद स्वतःकडे का घेतले, याचा विचार आपण करायला हवा. मुंबईत १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम निघाली, पुढच्याच वर्षी सर सय्यद अहमद यांचे अलीगढ उभे राहिले. तो प्रवाह शरीफ घराण्यांतून आणि उर्दूतून वाहत होता. कोल्हापूरच्या पिंजाऱ्याच्या घरापर्यंत तो पोहोचला नाही, आणि पोहोचला असता तरी त्याची भाषा कळली नसती. दख्खनी मुस्लिमांमध्ये पुढाकार घेईल असा वर्गच नव्हता. ज्यांच्याकडे इनामे होती ते इनामांत खूष होते. ती रिकामी जागा एका बिगरमुस्लिम राजाने भरली. ही गोष्ट अभिमानाने सांगताना आपण जराशी शरमही बाळगली तर बिघडणार नाही.

दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. महाराजांनी मुस्लिम मुलांना राहण्या-जेवण्याची जागा वेगळी दिली, पण शाळा वेगळी काढून दिली नाही. बोर्डिंगातला मुलगा सकाळी उठून सर्वांच्याच शाळेत जायचा. त्याच्या शेजारी मराठा बोर्डिंगातला, जैन बोर्डिंगातला मुलगा बसायचा. ताट वेगळे, बाक एकच. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला, त्यामागची दिशा हीच होती. कुराणाच्या मराठी भाषांतरासाठी दरबारातून पैसा देणारा राजा आपल्या मुस्लिम प्रजेला मराठी वाचणारी प्रजा समजत होता, हे उघड आहे. ते भाषांतर त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही.

उर्दू शाळांना आमचा विरोध नाही. ज्या घरात उर्दू बोलली जाते त्या घरातल्या मुलाचा तो हक्कच आहे. पण घरात दख्खनी, बाजारात मराठी आणि शाळेत तिसरीच भाषा, अशी कसरत आपल्याकडे अनेक मुलांना करावी लागली आणि त्यात सातवीच्या आतच कित्येकांचे शिक्षण सुटले. जयसिंगपूरसारख्या गावात नगरपालिकेच्या मराठी शाळेतून शिकलेला मुस्लिम मुलगा पुढे शिक्षक, तलाठी, कंडक्टर झालेला दिसतो. त्याच्या दाखल्यावरची जन्मतारीख बहुधा १ जून असते. घरी तारीख कुणी लिहून ठेवलेली नसायची, म्हणून गुरुजींनीच शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख टाकून दिलेली. आपल्या आधीच्या पिढ्यांचे वाढदिवस असे शाळेनेच ठरवले आहेत.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि शाळा संस्थानाच्या हातून गेल्या. त्यानंतर योजना पुष्कळ आल्या. २ ऑक्टोबर १९७५ ला अंगणवाडीची योजना सुरू झाली. ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत फी माफ झाली. १५ ऑगस्ट १९९५ पासून प्राथमिक शाळेत पोषण आहार आला. आधी मुले महिन्याचे तांदूळ पिशवीत घालून घरी नेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ मधल्या आदेशानंतर शाळेतच शिजवलेली खिचडी मिळू लागली. वखारीत जाणाऱ्या आईला अंगणवाडीचा आणि खिचडीचा किती आधार असतो, हे त्या आईलाच विचारावे.

१९९२ ची एक योजना आम्हाला विशेष आठवते. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या चौथीपर्यंतच्या मुलींना शाळेत हजर राहिल्याबद्दल दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता. दंडाचा रुपया आता भत्त्याचा झाला होता. योजना चांगलीच होती. पण पंच्याहत्तर वर्षांत रुपयाची किंमत किती उतरली ते वाचकांना सांगायला नको. आणि मुलाणी-पिंजाऱ्याची मुलगी तितकीच गरीब असूनही त्या यादीत नव्हती.

सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल दिला, तेव्हा आकडे सर्वांसमोर आले. सहा ते चौदा वयाची दर चार मुस्लिम मुलांमागे एक मूल शाळेत कधी गेलेच नव्हते किंवा मध्येच बाहेर पडले होते. मदरशात जाणारी मुले शंभरात तीन-चार. म्हणजे 'हे लोक मुलांना मदरशात घालतात' हा आरोप जितका खोटा, तितकेच 'आमची मुले शिकताहेत' हे आपले समाधानही खोटे. त्यानंतर २००८ पासून अल्पसंख्याक मुलांना पहिलीपासून शिष्यवृत्ती मिळू लागली. वर्षाला हजारभर रुपये. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, पन्नास टक्के गुण, बँकेचे खाते. कागद जमवण्यात बापाची दोन-तीन दिवसांची मजुरी बुडायची, तरी लोक रांगेत उभे राहत. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्या कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण मोफतच आहे, असे कारण देऊन केंद्र सरकारने २०२२ मध्ये पहिली ते आठवीची ही शिष्यवृत्ती बंद केली. त्यानंतर ती नववी-दहावीपुरतीच राहिली.

शाहूंच्या कायद्यातही शिक्षण मोफतच होते. तरीही मुलांची सोय लागावी म्हणून दरबार वसतिगृहांना जागा देत होता, पैसा देत होता. नववीपर्यंत मूल टिकले तर पुढे मदत करू, असे त्या दरबाराने कुणाला सांगितले नव्हते. आपल्या वस्त्यांतली किती मुले नववीपर्यंत टिकतात, हे नगरपालिकेच्या शाळेतल्या आठवीच्या हजेरीपटावर आणि शेजारच्या हायस्कुलातल्या नववीच्या पटावर आपल्यापैकी कुणीही बसून मोजू शकतो.