कर्तव्यभूमिती ते केटी

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी शिक्षणाचा इतिहास सामान्यतः पुण्यापासून सांगितला जातो. सार्वजनिक बांधकामांसाठी दुय्यम अधिकारी घडवणारा वर्ग तिथे १८५४ साली निघाला, पुढे तो मुंबई विद्यापीठाशी जोडला गेला आणि त्याचे महाविद्यालय झाले. या महाविद्यालयातून १८८३ साली एल.सी.ई. होऊन बाहेर पडलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये सहायक अभियंता म्हणून प्रथम रुजू झाले ते नाशिकला. नाशिककर हा उल्लेख अभिमानाने करतात, आणि ते योग्यच आहे. भाषेच्या अभ्यासकाने मात्र हा इतिहास आणखी तीस वर्षे मागे जाऊन वाचायला हवा.

१८२३ साली मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली ‘इंजिनिअर इन्स्टिट्यूशन’ सुरू झाली. मोजणी आणि बांधकाम या कामांसाठी माणसे तयार करणे हा तिचा सरकारी हेतू. एतद्देशीय विद्यार्थ्यांना तिथे गणित आणि भूमिती शिकवली जाई ती मराठीतून व गुजरातीतून. पुस्तके नव्हती, म्हणून जर्व्हिस यांनी जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्यासारख्या पंडितांच्या साहाय्याने ती मराठीत सिद्ध केली. ‘कर्तव्यभूमिती’, ‘शिक्षामाला’ ही त्यांतली काही नावे. ‘कर्तव्यभूमिती’ हा शब्दच पाहा : प्रत्यक्ष करावयाची भूमिती. मोल्सवर्थचा कोश १८३१चा आणि ‘यमुनापर्यटन’ १८५७चे. म्हणजे अर्वाचीन मराठी गद्य कादंबरीकडे वळण्याच्या आधी कंपास आणि मोजपट्टी घेऊन उभे होते. आपल्या वाङ्मयेतिहासांत या पुस्तकांना बहुधा एखादी ओळ मिळते, तीही ‘भाषांतरयुगा’च्या यादीत.

ती संस्था फार काळ टिकली नाही. पण १८४०च्या दशकात मुंबईच्या शिक्षणमंडळात माध्यमाचा वाद पेटला, तेव्हा मातृभाषेच्या बाजूने उभे राहिले ते हेच जर्व्हिस, आणि त्यांच्यासोबत जगन्नाथ शंकरशेट. समोर इंग्रजीचे पुरस्कर्ते, मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी. १८४८च्या सुमारास सरकारने काढलेला मार्ग तडजोडीचा होता. बहुजनांचे प्राथमिक शिक्षण देशी भाषेत आणि उच्च शिक्षण इंग्रजीत, अशी वाटणी पुढे रूढ झाली. दोन भाषांमध्ये तेव्हा जो सांधा पडला, तो आजही बुजलेला नाही. नाशिकच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याचे आयुष्य याच सांध्यावर उभे आहे.

१९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. तोवर अशी महाविद्यालये पुणे, मुंबई, सांगली, कराड, औरंगाबाद अशी बोटांवर मोजण्याजोगीच होती. १९८४ मध्ये नाशिकला पंचवटीच्या बाजूस कर्मवीर काकासाहेब वाघ यांच्या नावाचे महाविद्यालय उघडले. हे नाव निफाड तालुक्यातील ऊस आणि सहकार यांच्याशी जोडलेले. १९९९ मध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाने गंगापूर रस्त्यावर कर्मवीर बाबूराव ठाकरे यांच्या नावाने दुसरे काढले, ते उदोजी मराठा बोर्डिंगच्या परिसरात. खेड्यातल्या मुलांना शहरात राहून शिकता यावे म्हणून जिथे वसतिगृह उभे राहिले, तिथेच अभियांत्रिकीचे वर्ग भरावेत, यात एक सुसंगती आहे. या धोरणाची दुसरी बाजू, म्हणजे शुल्क, कर्ज, प्रसंगी विकलेले वावर, आपण जाणतोच. तरीही सिन्नर, येवला, दिंडोरी, निफाडच्या शाळांतून मराठीत शिकलेली मुले प्रथमच मोठ्या संख्येने या विद्येच्या दारात आली, हे नाकारता येणार नाही.

दारात आली, आणि पहिल्याच वर्षी त्या सांध्यात अडकली. सन २०००च्या आसपासचा पुणे विद्यापीठाचा प्रथम वर्षाचा विद्यार्थी डोळ्यांपुढे आणावा. कॉटबेसिसची खोली, मेसचा डबा, खांद्यावर ड्राफ्टर आणि शीटची गुंडाळी. अध्यापक समजावून सांगतात ते अर्धे मराठीत. पाठ्यपुस्तक, जर्नल आणि उत्तरपत्रिका मात्र इंग्रजीत. तुळईवर भार कसा वाहला जातो हे त्याला कळलेले असते. घरच्या विहिरीवरच्या रहाटाने ते त्याला आधीच शिकवलेले असते. अडते ते वाक्य. मग तो निराली, टेकमॅक्सची पुस्तके घेऊन उत्तरे पाठ करतो. समज एका भाषेत आणि गुण दुसऱ्या भाषेत, अशी फारकत झाली की घोकंपट्टी हा स्वभावदोष राहत नाही. ती निकड बनते. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकापुढे ही फारकत सर्वांत उघडी पडते. तिथे मौनाचा अर्थ अज्ञान असाच घेतला जातो.

या मुलांनी आपल्यापुरती एक मराठी घडवली, तिच्याकडे आपण लक्ष द्यायला हवे. नामे परकी आहेत, पण क्रियापदे पाहावीत. केटी ‘लागते’, जसे ग्रहण लागते किंवा नजर लागते. नापास होण्यातली अपराधाची भावना या एका क्रियापदाने दैवावर ढकलली. एम-थ्री ‘निघतो’, जसा पायातला काटा निघतो. जीटी ‘मारतात’, काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची आकृती उतरवण्याच्या या उद्योगाला ‘मारणे’ शोभतेच. कर्तव्यभूमितीच्या पंडितांनी संस्कृतातून नामे घडवली. या मुलांनी इंग्रजी नामांना मराठी क्रियापदांच्या दावणीला बांधले. दोन्हींत मराठी टिकली, पण पहिलीत ती ज्ञानाची भाषा होती आणि दुसरीत केवळ सोसण्याची उरली. खरी हानी इथे आहे.

मराठी कादंबरीने महाविद्यालयीन तरुण रंगवला तो मुख्यतः कला शाखेचा. ‘कोसला’ (१९६३) हे त्याचे ठळक उदाहरण. अच्युत गोडबोले यांच्या ‘मुसाफिर’मध्ये मराठी माध्यमातून गेलेल्या विद्यार्थ्याचे अभियांत्रिकीतले दिवस भेटतात, पण ते आयआयटीतले. जिल्ह्याच्या ठिकाणचा, केटी घेऊन वर्ष वाचवणारा विद्यार्थी आपल्या साहित्यात अजून फारसा आलेला नाही.

२०२१ मध्ये नव्या शैक्षणिक धोरणानुसार भारतीय भाषांतून अभियांत्रिकी पदवीला परवानगी मिळाली आणि पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरू झाली. वर्तमानपत्रांनी तिचे स्वागत नवा प्रयोग म्हणून केले. तो नवा नाही. तिसऱ्या शतकात पडलेले ते जुनेच पाऊल आहे. भाषा संचालनालयाचे अभियांत्रिकीचे परिभाषाकोश ग्रंथालयांत आहेत, पण कोशातला शब्द वापरल्याशिवाय जिवंत होत नाही. जर्व्हिस आणि क्रमवंत, अभियंता आणि शास्त्री, एका मेजाशी बसले तेव्हा ‘कर्तव्यभूमिती’ झाली. आपल्याकडे अभियांत्रिकीचे आणि मराठीचे विभाग अनेकदा एकाच संस्थेच्या छत्राखाली असतात. त्यांच्यात मेज तेवढे मांडायचे राहिले आहे, आणि पहिली खुर्ची ओढून घेण्याचे काम मराठीच्या प्राध्यापकाचे आहे.