एम्सची तार आणि १८७० चे युद्ध

१३ जुलै १८७०. एम्स या जर्मन गावी औषधी झऱ्यांच्या उपचारासाठी आलेला प्रशियाचा राजा पहिला विल्हेल्म सकाळी फिरावयास निघाला असता फ्रान्सचा राजदूत बेनेदेती त्याला गाठतो. होहेनझोलर्न घराण्यातील कोणीही यापुढे स्पेनच्या गादीसाठी उभा राहणार नाही, अशी कायमची हमी त्याला हवी असते.

येथे एक गोष्ट बहुधा सांगायची राहून जाते. राजपुत्र लिओपोल्डची उमेदवारी आदल्याच दिवशी मागे घेण्यात आली होती. म्हणजे फ्रान्सने बाजी मारलीच होती! पण परराष्ट्रमंत्री ग्रामाँ यांना तेवढे पुरेना; प्रशियाने उघडपणे मान तुकवावी, असा त्यांचा हट्ट.

राजाने सभ्यपणे नकार दिला आणि हकिकत तारेने बर्लिनला कळवली. बिस्मार्कने त्या मजकुरावर अशी कात्री चालवली की, राजदूताचा अपमान करून त्याला वाटेला लावले असे वाटावे. मग ती वृत्तपत्रांकडे गेली. १९ जुलैला फ्रान्सने युद्ध पुकारले. सारे खापर बिस्मार्कच्या कात्रीवर फोडणे सोपे आहे. परंतु दारूचे कोठार पॅरिसनेही भरून ठेवले होते.

आता रणांगणाकडे. फ्रेंचांची शासपो बंदूक प्रशियाच्या सुईबंदुकीच्या जवळजवळ दुप्पट पल्ल्याची होती. १८ ऑगस्टला सँ-प्रिव्हा येथे उघड्या उतारावर चढून येणाऱ्या प्रशियाच्या गार्ड सैन्याची तिने अक्षरशः कत्तल केली. मग फ्रान्स हरला कसा?

एक उत्तर क्रुपच्या पोलादी तोफांत आहे. मागून भरल्या जाणाऱ्या या तोफांपुढे फ्रेंचांच्या तोंडाकडून भरायच्या ब्राँझच्या तोफा निष्प्रभ ठरल्या. दुसरे, माझ्या मते अधिक मोलाचे उत्तर, रेल्वेच्या वेळापत्रकात आहे. मोल्टकेच्या कार्यालयाने प्रत्येक गाडी आधीच आखून ठेवली होती. तीन आठवड्यांच्या आत तीन लाखांहून अधिक सैनिक सरहद्दीवर पोहोचले. इकडे झुआव्ह पलटणींतील राखीव सैनिकाला आधी अल्जीरियातील तळावर हजर व्हावे लागे आणि तेथून परत फ्रान्समध्ये लढाईला यावे लागे!

२ सप्टेंबरला सेदान येथे सम्राट तिसरा नेपोलियन सुमारे १ लाख सैनिकांसह शरण गेला. दोन दिवसांत पॅरिसमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा झाली आणि संपले असे वाटलेले युद्ध आणखी पाच महिने चालले. वेढ्यातून मंत्री गांबेता बलूनमधून निसटला आणि त्याने नव्या फौजा उभ्या केल्या. शहरात मात्र घोडे, कुत्री, उंदीर, शेवटी प्राणिसंग्रहालयातील हत्तीसुद्धा खाण्यासाठी मारले गेले.

१८ जानेवारी १८७१ रोजी जर्मन साम्राज्याची घोषणा झाली ती व्हर्सायच्या आरसेमहालात, फ्रेंच राजांच्या घरात. मे महिन्यातील फ्रँकफर्टच्या तहाने फ्रान्सवर ५ अब्ज फ्रँकची खंडणी लादली. ती फ्रान्सने १८७३ पर्यंत फेडून टाकली. अल्सेस आणि लॉरेनचा मोठा भाग मात्र गेला. पॅरिसच्या कॉंकॉर्द चौकात फ्रेंच शहरांचे पुतळे आहेत. त्यांतील स्ट्रासबर्गच्या पुतळ्याला १९१८ पर्यंत लोक काळे वस्त्र आणि पुष्पचक्रे वाहत राहिले.