लोण्याच्या मुलखातल्या बायका



पोरानं बाळसं धरावं म्हणून आपण त्याच्या वाटीत साय घालतो, वरणभातावर तुपाची धार सोडतो. आणि मग कुणीतरी सांगतं, "साय काढूनच देत जा, पुढे हृदयाचा त्रास होतो." अशा वेळी आईनं ऐकायचं कुणाचं? हा प्रश्न एका देशाला फार महागात पडला होता. त्याचं उत्तर शोधायला त्या देशानं कित्येक वर्षं घालवली. आज त्या फिनलंडची गोष्ट.

फिनलंड युरोपच्या उत्तरेला आहे. तिथं रशियाच्या सरहद्दीला लागून नॉर्थ कारेलिया नावाचा भाग आहे. तळी, जंगलं आणि कडाक्याची थंडी. दुसऱ्या महायुद्धात कारेलियाचा मोठा मुलूख रशियाकडे गेला आणि चार लाखांहून जास्त माणसं घरदार सोडून फिनलंडच्या इतर भागांत आली. सरकारनं या विस्थापितांना आणि लढून आलेल्या सैनिकांना जमिनी दिल्या. थंडीमुळं पिकं बेताचीच. म्हणून चार गाई पाळायच्या आणि जंगलात लाकूडतोडीला जायचं, यावरच पोट. उपास काढलेल्या या माणसांना लोणी म्हणजे सुबत्ता वाटे. पावावर लोणी, रांधायला लोणी आणि लहानथोरांना प्यायला सायीचं दूध. डेअरीत भावही फॅट बघूनच मिळायचा. ही गोष्ट तुम्हाला वेगळी सांगायला नको.

पण याच भागातले कर्ते पुरुष ऐन चाळिशी-पन्नाशीत हृदयविकारानं जाऊ लागले. अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी सात देशांतल्या पुरुषांची पाहणी केली, तेव्हा हृदयविकाराचं सर्वांत जास्त प्रमाण पूर्व फिनलंडमध्ये निघालं. मागे उरायची ती बाई, तिची पोरं आणि गोठ्यातल्या गाई. १९७१ साली इथल्या पुढाऱ्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी सरकारकडे अर्ज केला, की काहीतरी करा. १९७२ मध्ये 'नॉर्थ कारेलिया प्रकल्प' सुरू झाला. त्याचे प्रमुख होते पेक्का पुस्का, तिशीही न गाठलेले डॉक्टर.

कारणं तीन दिसली: रक्तातलं वाढलेलं कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि विडी-सिगारेट. कोलेस्टेरॉल वाढण्यात लोण्याचा आणि सायीच्या दुधाचा वाटा मोठा होता. पण नुसत्या भाषणानं कुणाचं जेवण बदलत नाही. चूल बाईच्या हातात. म्हणून डॉक्टर गेले मार्था संघटनेकडे. ही गृहिणींची संघटना १८९९ पासून गावोगाव काम करत होती, जसे आज आपले बचत गट आहेत. मार्थाच्या बायकांनी 'दीर्घायुष्याच्या मेजवान्या' भरवल्या. गावातल्या बायका एकत्र यायच्या, नेहमीचेच पदार्थ करायच्या, पण लोणी, चरबी आणि मीठ कमी घालून व भाजी वाढवून. मग सगळ्यांनी बसून जेवायचं. चव पटली की ती रीत घरी जायची.

दूधवाल्यांचा विरोध साहजिकच होता, कारण त्यांची रोजीरोटी होती. पुढे काही शेतकऱ्यांना बेरीची फळं लावायला मदत मिळाली. दुधाचा भाव ठरवताना फॅटऐवजी प्रथिनांना महत्त्व आलं. थंडीत तगणाऱ्या मोहरीच्या जातीच्या बियांचं तेल देशातच होऊ लागलं. सुमारे चाळीस वर्षांत तिथल्या ३५ ते ६४ वयाच्या पुरुषांतले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. हे सगळं श्रेय एकट्या लोण्याला देऊ नये. सिगारेट कमी झाली, रक्तदाबावर उपचार झाले, औषधंही सुधारली.

मग प्रश्न आला मुलांचा. दुधातली चरबी कमी केली तर पोरं खुरटतील का? हे पाहायला तुर्कू शहरात १९९० च्या सुमारास हजारावर बाळं अभ्यासात घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाच्या आईबापांना बाळ सात महिन्यांचं असल्यापासून आहाराचा सल्ला मिळत गेला. पण नीट ऐका. एक वर्षापर्यंत आईचं किंवा बाळाचं डब्यातलं दूधच होतं. वर्षानंतर बिनसायीचं दूध दिलं, तेव्हा दोन वर्षं पुरी होईपर्यंत रोज दोन-तीन चमचे वनस्पतिजन्य तेल किंवा तेलाचं मार्गारिन जेवणात घालायला सांगितलं. म्हणजे चरबी तोडली नाही, बदलली. आणि मुलांवर सतत लक्ष ठेवलं. मुलांची उंची, वजन आणि बुद्धीची वाढ दुसऱ्या गटासारखीच झाली, आणि त्रासदायक कोलेस्टेरॉल थोडं कमी राहिलं.

आता आपल्याकडे या. फिनलंडमध्ये लोणी गरजेपेक्षा जास्त होतं. आपल्याकडे अजून कितीतरी बाळांचं वजन कमी भरतं. लहान बाळाचं पोट मूठभर, त्यात ताकद मावायला चरबी हवीच. म्हणून पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. नंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं आणि पुढेही अंगावर पाजा. खिमटीत चमचाभर तूप किंवा तेल जरूर घाला. दोन वर्षांच्या आत साय काढलेलं किंवा पाणी घातलेलं दूध देऊ नका. त्याहून मोठं, चांगल्या वजनाचं मूल असेल आणि घरात म्हशीचं दाट दूध असेल, तर वरची साय काढून दिली तरी चालते. मोठ्या माणसांनी तर ती काढावीच. तेल म्हणजे डालडा नव्हे, हेही लक्षात ठेवा. घट्ट केलेलं वनस्पती तूप हृदयाला चांगलं नाही. आणि मूल अशक्त असेल तर ऐकीव सल्ल्यावर काही बंद करू नका. आधी अंगणवाडीत वजन करा, ताईंना तक्ता दाखवायला सांगा आणि मग ठरवा.