लाल विंचू, हृदय आणि बिरवाडीचे डॉक्टर

मंडळी, शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप कसे देतात आणि तो निरोप बिघडला की हृदयाचं काय होतं, असा विषय म्हटला की लोकांना वाटतं, आता परदेशातल्या प्रयोगशाळेची गोष्ट येणार. आम्ही धसईत बोलतो आहोत, तेव्हा विंचवापासून सुरुवात करू. पेंढ्यात, सरपणाच्या ढिगात, विटांच्या थप्पीत हात घालताना कुणाचा तरी हात झटकन मागे येतो, हे तुम्हाला आम्ही काय सांगणार! लोक मोठ्या काळ्या इंगळीला भितात. जीव घेतो तो मात्र लहानखुरा लाल विंचू.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, शिकले नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. बिरवाडीत विंचू चावलेली माणसं येत, आणि त्यातली काही, विशेषतः मुलं, डोळ्यांदेखत दगावत. पुस्तकात यावर फारसं काही सापडेना. मग त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा हे सगळं लिहून काढायला सुरुवात केली. यंत्रसामग्री म्हणाल तर जवळजवळ काहीच नव्हती.

त्या नोंदींतून काय दिसलं बघा. आधी उलट्या, दरदरून घाम, तोंडाला लाळ. मग हातपाय गार, नाडी धावती, रक्तदाब चढलेला. शेवटी फुप्फुसांत पाणी आणि तोंडातून गुलाबी फेस. म्हणजे माणूस जात होता तो हृदय हरल्यामुळे. ही लक्षणं सांगणारा त्यांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

हे घडतं कसं? मज्जातंतूच्या पेशीवर सोडियम आत घेणारी दारं असतात. निरोप गेला की ती मिटायला हवीत. लाल विंचवाचं विष ती नीट मिटू देत नाही. मग निरोप थांबतच नाही, अॅड्रिनलिन आणि नॉरअॅड्रिनलिनचा पूर येतो, रक्तवाहिन्यांवरचे ‘अल्फा’ ग्राहक तो निरोप घेऊन वाहिन्या आवळतात, आणि बिचारं हृदय आवळलेल्या नळीत रक्त ढकलत राहतं. तेव्हा अशा रुग्णाला स्टिरॉइड, अॅलर्जीवरची औषधं, अॅट्रोपिन असं काहीबाही दिलं जाई. आवळलेली नळी त्यानं सुटणार कशी?

बावस्करांनी पुढे पुण्यात एम.डी. केलं आणि पुन्हा कोकणातच आले. आम्हाला विचाराल तर गोष्टीतला खरा कठीण निर्णय हाच. आधी त्यांनी शिरेतून नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिलं. ते लागू पडे, पण त्याला क्षणोक्षणी पहारा लागतो, आणि खेडेगावात तो कोण देणार? मग प्राझोसिन. उच्च रक्तदाबाची साधी गोळी, तोंडानं घ्यायची, अल्फा ग्राहकच अडवणारी. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी हा अनुभव १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. पूर्वी गंभीर रुग्णांतले सुमारे ३० टक्के दगावत. ते प्रमाण पुढे अवघ्या काही टक्क्यांवर आलं.

आता प्रतिकारशक्तीकडे येऊ. घोड्याला थोडं थोडं विष टोचलं की त्याच्या रक्तात विषाला पकडणारी प्रतिपिंडं तयार होतात. तीच विंचवावरची लस म्हणून वापरतात. हे काम हाफकिनचं. (ज्यांच्या नावानं ही संस्था आहे ते वाल्देमार हाफकिन ओडेसाला मेचनिकॉव्हचे विद्यार्थी होते. जंतू गिळणाऱ्या पेशी ओळखणारे ते हेच मेचनिकॉव्ह! नाती कुठून कुठे जुळतात.) महाडला ७० रुग्णांवर तुलना झाली आणि २०११ साली ‘बीएमजे’त छापली गेली. ३५ जणांना प्राझोसिनसोबत ही लस दिली, त्यातले ३२ दहा तासांत पूर्ण सावरले. नुसत्या प्राझोसिनवरच्या ३५ जणांपैकी तेवढ्या वेळात ८.

फरक का पडला? प्राझोसिन निरोप अडवतं, पण विष रक्तात फिरतच असतं. लस ते विष धरते. पण एकदा ते मज्जातंतूंवर जाऊन बसलं की तिला धरायला फारसं उरत नाही. म्हणून आधी भगताकडे आणि मग दवाखान्यात, यात जे दोन-तीन तास जातात, ते नेमके लसीच्या कामाचे तास असतात.