‘जुळविणे’ : एका क्रियापदाचा विचार

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे प्रमुख तीर्थक्षेत्र होय. तेथे नगाऱ्याला विशेष मान आहे. दमट हवेत चर्मवाद्याचे चामडे सैल पडून नाद उतरतो. उष्णतेने ते ताणले जाऊन नाद चढतो. म्हणून असे वाद्य ‘तापवितात’. तबला मात्र ‘लावतात’, तंबोरा ‘जुळवितात’, रेडिओचे केंद्रही ‘लावतात’ आणि मोटारीच्या इंजिनाचे ‘ट्यूनिंग’ करतात. इंग्रजी एका शब्दात जे सामावते, ते मराठीने असे का वाटून घेतले?

बिनतारी संदेशवहनाच्या शास्त्राने ही कल्पना संगीताकडून घेतली. ऑलिव्हर लॉज यांनी १८९७ च्या सुमारास आपल्या पद्धतीस स्वरसाम्यवाचक ग्रीक नाव दिले. तथापि तेथे लहरींची कंपनसंख्या आधीच ठरलेली असते. यंत्राने ती गाठावयाची असते. तंबोऱ्याचे तसे नाही. गायकाच्या गळ्यास मानवेल तो षड्ज प्रथम ठरतो. मग खुंटी पिळून, मणी सरकवून, जवारीचा दोरा हलवून तारा परस्परांशी मिळविल्या जातात. येथे निर्णय कानाचा असतो.

हे दोन अर्थ महाराष्ट्रात एकदा समोरासमोर आले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. न्यायाधीश क्लेमेंट्स यांच्या सहकार्याने श्रुतींची पेटीही सिद्ध झाली. देवलांची तक्रार निराधार नव्हती : नेहमीच्या पेटीतील शुद्ध गंधार ५ : ४ ह्या प्रमाणातील गंधाराहून अर्धस्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याने चढा असतो. परंतु १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत श्रुतींविषयी एकमत होऊ शकले नाही. पेटीतील धातूची पट्टी एकदा घासली की तिचा स्वर स्थिर होतो. गायकाचा गंधार मात्र रागाप्रमाणे आणि आंदोलनाप्रमाणे हलतो.

देवलांचे गणित चुकले, असे यावरून ठरत नाही. मापन आणि मीलन ह्या दोन भिन्न क्रिया आहेत, एवढेच ठरते. ‘लावणे’ एका वस्तूपुरते पुरते. ‘जुळविण्यास’ दोन पक्ष लागतात. पत्रिका जुळते आणि मनेही जुळतात, ती याच अर्थाने. म्हणूनच परिभाषाकारांनी ‘ट्यूनिंग’साठी सर्व शास्त्रांत चालेल असा एकच संस्कृत शब्द घडविण्याचा मोह टाळावा. तसे केल्यास शब्द एक मिळेल, पण बोलीने जतन केलेला भेद नाहीसा होईल.