करारमुक्त खेळाडूमागची धाव

दरवर्षी जून संपत आला की एनबीएच्या चाहत्यांमध्ये एकच वाद रंगतो: आपल्या संघाच्या व्यवस्थापनाने करारमुक्त खेळाडूंसाठी, म्हणजे फ्री एजंटांसाठी, आणखी जोर लावायला हवा की नको? हा प्रश्न विचारण्याची सोय मुळात कशी झाली, हे पाहायचे तर आपल्याला 1879 सालच्या बेसबॉलपाशी जावे लागते. त्या वर्षी नॅशनल लीगच्या मालकांनी प्रत्येकी पाच खेळाडू राखून ठेवायचे आणि दुसऱ्याच्या राखीव खेळाडूला हात लावायचा नाही, असे आपापसात ठरवून टाकले. पुढे बास्केटबॉलनेही हीच रीत उचलली. करार संपला तरी खेळाडू संघाच्याच ताब्यात राही; हेच ते राखीव कलम. 1967 मध्ये एबीए ही प्रतिस्पर्धी लीग उभी राहिली तेव्हा एनबीएचा खेळाडू रिक बॅरी तिकडे निघाला, तर न्यायालयाच्या आदेशामुळे त्याला एक अख्खा हंगाम बाहेर बसावे लागले. 1970 मध्ये दोन्ही लीगच्या विलीनीकरणाच्या हालचाली सुरू झाल्या. तसे झाले असते तर खेळाडूला दुसरे दारच उरले नसते. खेळाडू संघटनेचा अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन याने सर्व खेळाडूंच्या वतीने दावा ठोकला. मैदानावर त्याने पुष्कळ पराक्रम केले, पण माझ्या मते त्याची सर्वांत मोठी कामगिरी ही. 1976 मध्ये तडजोड झाली आणि राखीव कलम मोडीत निघाले.

तरीही दार एकदम सताड उघडले नाही. आधी काही वर्षे नव्या संघाला जुन्या संघाची भरपाई करावी लागे. पुढे बाहेरची बोली मान्य करून खेळाडू ठेवून घेण्याचा हक्क जुन्या संघाला मिळाला. 1984-85 च्या हंगामापासून 36 लाख डॉलरची वेतनमर्यादा आली, मात्र स्वतःचा खेळाडू राखण्यासाठी ती ओलांडण्याची मुभा होती. खरे स्वातंत्र्य 1988 मध्ये आले, आणि त्याचा पहिला लाभार्थी होता टॉम चेंबर्स. सिअ‍ॅटल सोडून तो फीनिक्सला गेला. आदल्या हंगामात अवघे 28 सामने जिंकलेल्या फीनिक्सने पुढच्या हंगामात 55 जिंकले. मात्र त्या व्यवस्थापनाने चेंबर्स येण्यापूर्वीच, फेब्रुवारीत, क्लीव्हलंडकडून केव्हिन जॉन्सन हा तरुण गार्ड मिळवून ठेवला होता, याकडे सहसा दुर्लक्ष होते.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत शिकण्याजोगा वाटतो तो 1996 चा उन्हाळा. लेकर्सच्या व्यवस्थापनाचा प्रमुख जेरी वेस्ट याला ऑर्लँडोचा शकील ओनील हवा होता, पण वेतनमर्यादेत जागा नव्हती. त्याने व्लादे दिवाच हा आपला मुख्य सेंटर शार्लटला देऊन टाकला आणि बदल्यात नुकताच ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, निवडला गेलेला कोबी ब्रायंट घेतला. तेवढ्याने भागेना, म्हणून जुलैच्या मध्यावर अँथनी पीलर आणि जॉर्ज लिंच यांना व्हँकूव्हरला पाठवले. मग ओनीलशी सात वर्षांचा, 12 कोटी डॉलरचा करार झाला. ओनीलने होकार दिला नसता तर वेस्टच्या हाती जवळजवळ काहीच उरले नसते. धाडस म्हणतात ते हे. 2000 ते 2002 अशी सलग तीन विजेतेपदे त्यातूनच आली. पण असे धाडस दरवेळी फळतेच असे नाही: ऑर्लँडोने 2000 मध्ये ग्रँट हिल आणि ट्रेसी मॅकग्रेडी एकदम आणून पाहिले, पण घोट्याच्या दुखापतीने हिल पहिल्या तीन हंगामांत मिळून 47 सामनेच खेळू शकला. 2010 मध्ये मायामीने लेब्रॉन जेम्सला आणले, तेव्हा ड्वेन वेड तिथे आधीपासून होता, म्हणजे पाया तयारच होता.

2016 मध्ये टीव्हीच्या नव्या कराराने वेतनमर्यादा 7 कोटींवरून 9 कोटी 41 लाख डॉलरवर उडाली आणि सगळ्यांच्याच खिशात एकाएकी पैसा खुळखुळू लागला. त्याच लेकर्सनी तिमोफे मोझगोव्हला 6 कोटी 40 लाख आणि लुओल डेंगला 7 कोटी 20 लाख देऊ केले. संघाने 26 सामने जिंकले, 56 हरले. वर्षभरातच मोझगोव्हचा करार गळ्यातून काढण्यासाठी डिअ‍ॅन्जेलो रसेलसारखा तरुण खेळाडू त्याच्यासोबत ब्रुकलिनला द्यावा लागला. जोर तर दोन्ही वेळा लावला होता. पण 1996 मध्ये आधी माणूस ठरला आणि मग पैसा मोकळा केला, 2016 मध्ये आधी पैसा आला आणि मग माणूस शोधला.

आता बहुतेक मोठे खेळाडू आहे त्याच संघात करार वाढवून घेतात, आणि 2023 च्या करारनाम्याने उधळ्या संघांचे हात आणखी बांधले आहेत. त्यामुळे आज व्यवस्थापनाने जोर लावावा, पण नाव पाहून नव्हे, आपल्या संघातली उणीव पाहून, असे मला ठामपणे वाटते. डेन्व्हरने योकिच, मरे आणि पोर्टर हे तिघे ड्राफ्टमधून घडवले आणि 2022 च्या जुलैत ब्रूस ब्राउनला वर्षाला सुमारे 65 लाख डॉलरवर घेतले. पुढच्याच जूनमध्ये डेन्व्हरने पहिले विजेतेपद जिंकले. त्यानंतर इंडियानाने ब्राउनपुढे दोन वर्षांसाठी साडेचार कोटी ठेवले; एकाच हंगामाच्या सहवासामुळे डेन्व्हरला नियमाने तेवढी बोली लावता येत नव्हती, आणि तो गेला.