भाता कोणी ओढला?

चंदीगड शहराची आखणी करताना ल कॉर्ब्युझिए या वास्तुशिल्पज्ञाने रस्त्यांचे सात वर्ग ठरविले आणि पुढे त्यांत सायकलींच्या मार्गांसाठी आठव्या वर्गाची भर घातली. मोटारगाडी हेच प्रगतीचे चिन्ह मानले जात असताना एका नव्या राजधानीच्या नकाशावर सायकलस्वाराला स्वतःची वाट मिळावी, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु सायकलस्वाराचे मन आखून दिलेल्या वाटेवर फार काळ रमत नाही. या शहराच्या सपाट सेक्टरांतून मान वर केली की ईशान्येला शिवालिकच्या रांगा दिसतात. काळका ओलांडताच चढण सुरू होते. चंदीगडची उंची सव्वातीनशे मीटरांच्या आसपास, तर सिमल्याची सुमारे २,२०० मीटर. आणि हे सारे अंतर अवघे ११५ किलोमीटरांचे. सिमल्याच्या परिसरातील कच्च्या वाटांवरून अनेक दिवस चालणारी डोंगरी सायकलशर्यत २००५ साली सुरू झाली, यात नवल काहीच नाही.

अशा शर्यतीत रात्रीचे मुक्काम ठरलेले असतात. तंबू, भोजन, वैद्य यांची व्यवस्था असते. याहून कठोर असा एक प्रकार जगात अलीकडे रूढ झाला आहे. त्यात मुक्काम नाहीत, टप्पे नाहीत. घड्याळ एकदा सुरू झाले की शेवटच्या रेषेपर्यंत थांबत नाही. अन्न, वस्त्र, अंथरूण, हत्यारे, सारे सायकलीवर लादून न्यायचे, आणि वाटेत काही मोडले तर ते ज्याचे त्यानेच निस्तरायचे. ‘स्वावलंबन’ हा या शर्यतीचा पहिला, किंबहुना एकमेव महत्त्वाचा नियम होय. जो कोणी अशा शर्यतीत उतरू पाहतो, त्याला डोंगराच्या आधी या नियमाला सामोरे जावे लागते. दिसायला तो अगदी सरळ आहे. परंतु स्वावलंबन म्हणजे नेमके काय, या प्रश्नाने गेल्या शंभराहून अधिक वर्षांत पंचांना आणि स्पर्धकांना कसे कोड्यात टाकले, त्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

या इतिहासाचा आरंभ फ्रान्समध्ये होतो. १८९१ साली प्येर जिफार या पत्रकाराच्या पुढाकाराने पॅरिसहून ब्रेस्त बंदरापर्यंत आणि तेथून परत पॅरिसला, अशी सुमारे १,२०० किलोमीटरांची शर्यत भरली. हवेचे टायर तेव्हा नुकतेच प्रचारात येत होते. स्पर्धकाने आरंभी घेतलेल्या सायकलीवरच शर्यत पुरी करावी, म्हणून तिच्या भागांवर मोहोर उमटविण्यात आली. शार्ल तेराँ याने ७१ तास २२ मिनिटांत हे अंतर कापून जय मिळविला. परंतु सायकल एकच असली तरी माणूस एकटा नव्हता. पुढे राहून वारा अडविणारे आणि वेग राखून देणारे मदतनीस त्याच्यापाशी होते. त्यांच्यामागे सायकली व टायर बनविणाऱ्यांचे बळ होते. ज्याच्यामागे धनिक कारखानदार, त्याचे पाय अधिक वेगवान, असा अर्थ त्यातून निघू लागला.

१९०३ मध्ये ‘लोतो’ या पत्राचा संपादक आंरी देग्रांज याने फ्रान्सची प्रदक्षिणा घालणारी ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू केली. ६० जण निघाले आणि २१ जण परतले. देग्रांजचा आग्रह असा की, ही कसोटी कारखान्यांची नसून माणसांची असावी. वारा अडविणारे मदतनीस त्याने दूर ठेवले. पुढे त्याचे नियम अधिकाधिक करडे होत गेले. सायकल मोडली तर ती स्वाराने स्वतः दुरुस्त केली पाहिजे, परक्या हाताचा स्पर्शही चालणार नाही, असा दंडक आला. गिअर बदलण्याच्या सोयीला तर त्याच्या शर्यतीत १९३७ पर्यंत मज्जाव होता. १९१० साली पिरेनीज पर्वतातील तुरमाले ही २,११५ मीटर उंचीची खिंड मार्गात आली, आणि हा दंडक पर्वतावर गेला.

१९१३ च्या शर्यतीत त्याची खरी परीक्षा झाली. एजेन ख्रिस्तोफ हा अठ्ठावीस वर्षांचा, तरुणपणी कुलूपकाम शिकलेला गडी त्या वर्षी विजयाच्या अगदी जवळ होता. बायोनहून लुशाँपर्यंतच्या ३२६ किलोमीटरांच्या टप्प्यात तो तुरमाले चढून गेला आणि उतारावर त्याच्या पुढच्या चाकाचा चिमटा मोडला. दुसरी सायकल घेण्यास परवानगी नव्हती. मोडकी सायकल खांद्यावर आणि चाक हातात घेऊन तो दहा किलोमीटरांहून अधिक अंतर चालत सेंत-मारी-द-कांपां या खेड्यात पोहोचला. मागून आलेले स्पर्धक त्याच्या डोळ्यांदेखत पुढे निघून गेले.

खेड्यात लोहाराची भट्टी होती. लोहार मदतीला तयार होता. परंतु नियम मधे उभा होता. पंच भट्टीपाशी येऊन बसले. ख्रिस्तोफने स्वतः लोखंड तापविले, स्वतः घण चालविला, आणि कित्येक तास खपून चिमटा जोडला. मात्र एका हाताने तापते लोखंड धरायचे, दुसऱ्या हाताने ठोकायचे, तर भाता ओढायला तिसरा हात कोठून आणावा? दुकानातल्या एका मुलाने भाता ओढला. पंचांनी ते टिपून घेतले. परक्याची मदत घेतल्याबद्दल त्याला दहा मिनिटांचा दंड झाला; पुढे तो कमी करण्यात आला. पण त्या दिवशी त्याचे जवळजवळ चार तास गेलेच होते, तेव्हा दंड असला काय आणि नसला काय. फिलिप तीस या बेल्जियन स्वाराने ती शर्यत जिंकली आणि ख्रिस्तोफ सातवा आला. १९१९ साली तो आघाडीवर असताना पुन्हा एकदा त्याचा चिमटा मोडला आणि पुन्हा त्याचा विजय हुकला. त्या वेळी वाचकांनी वर्गणी जमवून त्याचा गौरव केला. जी सहानुभूती नियमात नव्हती ती लोकांत होती.

या प्रसंगात पंच निर्दय होते, असे म्हणणे सोपे आहे. पण त्यांची बाजूही विचारात घेतली पाहिजे. आज भात्याला हात लावू दिला, उद्या घणाला लावू दिला, तर परवा एखाद्या श्रीमंत कारखानदाराने प्रत्येक खेड्यात आपला लोहार बसविला नसता कशावरून? नियमामागील हेतू न्यायाचाच होता. चूक होती ती दुसरीकडे. ‘मदत’ आणि ‘विशेष सवलत’ या दोन भिन्न गोष्टी नियमाने एकच मानल्या. त्या मुलाने ख्रिस्तोफसाठी जे केले, ते त्याने त्या दिवशी त्या भट्टीपाशी आलेल्या कोणाही स्पर्धकासाठी केले असते. नियमाच्या भाषेत मात्र हा भेद मांडण्यासाठी शब्दच नव्हता.

हा शब्द शोधण्यापूर्वी मुंबईच्या काही तरुणांची हकीकत ध्यानात घेणे इष्ट आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी सभासद सायकलींवरून जगप्रवासास निघाले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, केकी पोचखानवाला, गुस्ताद हाथीराम आणि नरीमन कापडिया ही त्यांची नावे. पंजाब व बलुचिस्तानमार्गे ते इराणात गेले. बगदादहून अलेप्पोपर्यंतचे सुमारे साडेनऊशे किलोमीटरांचे वाळवंट त्यांनी २३ दिवसांत ओलांडले; म्हणजे दिवसाला जेमतेम ४० किलोमीटर. वाळूत सायकल चालविण्यापेक्षा ढकलावीच अधिक लागते, हे या आकड्यावरून उघड होते. पुढे युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश असा फेरा घालून १८ मार्च १९२८ रोजी ते मुंबईस परतले, तेव्हा हकीम, बापासोला आणि भूमगरा असे तिघेच उरले होते. कापडिया तेहरानहून परतले होते, पोचखानवालांनी न्यूयॉर्कनंतर साथ सोडली होती, आणि हाथीराम अमेरिकेतच स्थायिक झाले होते. तिघांनी सुमारे ७१,००० किलोमीटर अंतर कापले होते.

ही शर्यत नव्हती. त्यांच्यावर पंच नव्हता आणि नियमही नव्हता. तरीही स्वावलंबनाचा अर्थ या प्रवासात देग्रांजच्या नियमावलीपेक्षा अधिक स्पष्ट दिसतो. फाटलेला टायर शिवायचा तो स्वतःच, कारण वाळवंटात दुसरे कोणी नाही. पण अनोळखी गावातील पाणी, रात्रीचा निवारा, पुढच्या वाटेची माहिती यांवाचून असा प्रवास एक आठवडाही चालत नाही. स्वावलंबी माणूस मदत नाकारीत नाही. मदत मिळेलच असे गृहीत धरून तो निघत नाही, इतकेच.

शर्यतींच्या जगाला हा अर्थ नियमात उतरविण्यास बराच काळ लागला. १९३० पासून ‘तूर द फ्रान्स’मध्ये राष्ट्रीय संघ उतरू लागले आणि व्यक्तीची जागा संघाने घेतली. पुढे संघांच्या मोटारी, यंत्रज्ञ आणि राखीव सायकली ही नित्याची गोष्ट झाली. नाशिकच्या महेंद्र व हितेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत दोघांच्या जोडीने नऊ दिवसांच्या आत पुरी केली, आणि २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ हे ती एकट्याने पुरी करणारे पहिले भारतीय ठरले. तेथेही स्पर्धकामागे मदतीची गाडी असणे हा रीतीचाच भाग आहे. त्यामुळे या पराक्रमांना उणेपणा येत नाही. कसोटी निराळी, एवढेच.

जुन्या कसोटीला नवा जन्म मिळाला तो डोंगरांत. १९९७ साली अमेरिकेतील रॉकी पर्वताच्या जलविभाजक रेषेला धरून जाणारा, बहुतांशी कच्च्या रस्त्यांचा एक लांब सायकलमार्ग नकाशावर आखण्यात आला. १९९९ मध्ये जॉन स्टॅमस्टॅड याने कोणाचीही मदत न घेता तो १८ दिवस ५ तासांत एकट्याने पार केला. २००८ पासून कॅनडातील बॅन्फ ते मेक्सिकोची सीमा, अशी सुमारे ४,४०० किलोमीटरांची ‘टूर डिव्हाइड’ तेथे दरवर्षी सुरू झाली. तिला प्रवेशशुल्क नाही आणि बक्षीसही नाही. वाटेवर पंच उभे नसतात. स्पर्धक कोठे आहे हे उपग्रहाशी जोडलेल्या छोट्या यंत्रावरून दिसते, बाकी सारे त्याच्या सचोटीवर सोपविलेले असते.

आणि येथेच तो हरवलेला शब्द सापडतो. या शर्यतीत दुकानातून अन्न घेता येते, खानावळीत जेवता येते, सायकल दुरुस्तीच्या दुकानात पैसे देऊन काम करवून घेता येते. मनाई आहे ती आधी ठरवून ठेवलेल्या खाजगी मदतीला. जे सर्वांना सारखेच उपलब्ध आहे ते घ्यावे, जे केवळ आपल्यासाठी राखून ठेवले आहे ते घेऊ नये. या नियमाखाली ख्रिस्तोफला घण हाती धरण्याचीही गरज पडली नसती. लोहाराने चिमटा जोडला असता, मुलाने भाता ओढला असता, आणि दोघांना मजुरी देऊन तो पुढे गेला असता.

मात्र पंच दूर झाला की जबाबदारी वाढते. ‘टूर डिव्हाइड’मधील विक्रमवीर आणि युरोप ओलांडणाऱ्या अशाच एका शर्यतीचा संस्थापक माइक हॉल हा ३१ मार्च २०१७ रोजी ऑस्ट्रेलियातील शर्यतीत, कॅनबेराजवळ, पहाटेच्या अंधारात मोटारीच्या धडकेने मृत्यू पावला. ती शर्यत तेथेच थांबविण्यात आली. न थांबणारे घड्याळ माणसाची झोप खाते, आणि रस्ता तर सर्वांचाच असतो. झोप कोठे घ्यावी आणि माघार केव्हा घ्यावी, याचा निर्णय अशा शर्यतीत दुसरा कोणी करीत नाही.

चंदीगडहून वर जाऊ पाहणाऱ्याने हे आधीच ओळखले पाहिजे. पंक्चरचे सामान, पंप, साखळीचे दुवे, ब्रेकच्या तारा, उबदार कपडे यांचे ओझे घाटात जाणवतेच. पण जलोडीसारख्या ३,००० मीटरांवरील खिंडीत तेच उपयोगी पडते. विरळ हवेची शरीराला सवय व्हायला दिवस लागतात, ते कोणत्याही हत्याराने वाचविता येत नाहीत. २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरांच्या स्वावलंबी सायकलफेऱ्या भारतात भरतात. त्यांतला ६०० किलोमीटरांचा पल्ला ४० तासांत गाठावा लागतो. आपल्याला किती झोप लागते आणि आपले हात चाकाशी कितपत परिचित आहेत, हे तेथे कळते. डोंगरावर ते शिकायला जाऊ नये.

सेंत-मारी-द-कांपांमध्ये त्या भट्टीच्या जागी ख्रिस्तोफच्या नावाची स्मृतिशिला आहे. त्याने तेथे काय केले ते तीवर कोरलेले आहे. भाता ओढणाऱ्या मुलाला त्या दिवशी नियमाने अपराधात सहभागी ठरविले होते. आज कोणी घाटात अडकला आणि रस्त्याकडेच्या दुकानातल्या पोराने चाक धरून ठेवले, तर त्यात अपराध कोणी मानणार नाही. त्याची मजुरी द्यावी, आणि निघावे.